बोडीचा पडदा

आई, तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. लग्न गावातच झालं, आणि तू थकल्यावर आम्ही दोघं बिऱ्हाड उचलून तुझ्याच घरात राहायला आलो. त्यामुळे जे काही सांगायचं ते स्वयंपाकघरातून ओसरीवर ओरडून सांगितलं, आणि जे सांगायचं नव्हतं ते भांड्यांच्या आवाजात बुडवलं. आता तू जाऊन इतका काळ लोटला की तू शिकवलेल्या शेवटच्या वर्गातली पोरंही आजोबा झाली. तरी आज कागद घेऊन बसले, त्याला कारण एक पडदा. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा भरली आहे, म्हणून नातवानं मला दुपारीच शेजारच्या गावात नेलं होतं. रात्री नाटक होतं, त्याचा मंच उभा राहत होता. गोंदियाहून छापून आणलेला फ्लेक्सचा पडदा चार पोरांनी ताणून बांधला. त्यावर एक तळं होतं, हंस होते, आणि मागं बर्फाचे डोंगर. आपल्या अर्जुनीच्या आसपास बर्फाचे डोंगर! मी बराच वेळ उभी राहिले तेव्हा नातू म्हणाला, "आजी, काय पाहून राहिलीस? नाटक त आणखी सुरूच नाही झालं." मी त्याला म्हटलं, पाय दुखतात, घरी चल. पाय दुखत नव्हते.

मला लाज वाटत होती, आई. या वयात, भर मंडईत, एका फ्लेक्ससमोर. पण लाज वाटणं हे माझं लहानपणापासूनचं काम आहे, आणि त्यात मी फार हुशार होते. मला तुझ्या छत्रीची लाज वाटायची. बाबा गेल्यावर तू नागपूरला राहून शिकलीस आणि मला घेऊन इथल्या शाळेत मराठीची बाई म्हणून आलीस, तेव्हा आपला भाग भंडारा जिल्ह्यातच होता आणि गावात शिकलेली बाई म्हणजे पाहायची गोष्ट होती. फिकं लुगडं, निळा काठ, कपाळ मोकळं, आणि बगलेत काळी छत्री. पावसाळ्यात ठीक, पण तू ती माघातही घेऊन निघायचीस. पुस्तकांच्या पिशवीनं तुझा डावा खांदा खाली गेलेला असायचा आणि छत्री सावरायला उजवा वर. गावातली पोरं तुझी चाल हुबेहूब करून दाखवायची. शाळेत मी तुला "बाई" म्हणायची आणि घरी "आई", आणि या दोघी वेगळ्या असत्या तर किती बरं झालं असतं, असं मला रोज वाटायचं.

आणि मग ड्रॉइंगचे गुरुजी. ते इकडचेच, आमगावकडच्या धानवाल्या शेतकऱ्याच्या घरातले. धिप्पाड, पायात जाड चपला, बोटांच्या पेरांत कायम गेरू. मंडईच्या दिवसांत गावोगावचे नाटकवाले त्यांच्याकडून पडदे रंगवून घ्यायचे, म्हणून गावात त्यांना मान होता आणि शाळेत नव्हता. ड्रॉइंग म्हणजे तासच नाही, असं तू तेव्हा उघड म्हणायचीस. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा तू आमच्या वर्गाला "आमचे शेत" हा निबंध दिला होतास. कार्तिक संपत आला होता. गुरुजी खडू मागायला आत आले आणि पहिल्या बाकावरच्या पोरीची वही उचलून वाचू लागले. मग दुसरीची. मग माझी. आम्ही सगळ्यांनी लिहिलं होतं, शेत हिरवेगार दिसते, जणू गालिचा. तुझ्या निबंधमालेतच तसं होतं ना. गुरुजींनी वह्या खाली ठेवल्या आणि खिडकी उघडली. खिडकीच्या पलीकडं कापणीला आलेला धान उभा होता.

"बाई," ते म्हणाले, "बाहेर धान पिवळा होऊन राहिला, अन् पोरं आत बसून हिरवं लिहून राहिले. काऊन जी? यांचे डोळे तुमी घरी ठेवाले सांगतले का?"

वर्ग हसला. तुझे कान लाल झाले. तू खडूचा डबा त्यांच्या हातात दिलास आणि म्हणालीस, "गुरुजी, तुमचा तास पुढच्या वर्गात आहे." एवढंच. पण त्या संध्याकाळी भात गाळताना तू पेजेचं भांडं असं आपटलंस की मी मागच्या दारी जाऊन बसले.

महिनाभरात तू त्याचं उट्टं काढलंस. शाळेत तपासनीस यायचे होते म्हणून गुरुजींनी व्हरांड्यात पोरांची चित्रं लावली होती. तू एका बैलाच्या चित्रासमोर थांबलीस. ज्यानं काढलं होतं त्याला विचारलंस, "हा बैल थकला आहे की रागावला आहे?" पोरगा सदऱ्याचं बटण चाचपू लागला. "कोणाचा आहे? कुठून आला?" पोरगा रडवेला झाला. तू गुरुजींकडं वळलीस. "तुमच्या मुलांना दिसतं फार, गुरुजी. पण सांगता एक अक्षर येत नाही. तुम्ही त्यांना मुकं करून ठेवलंत." मला वाटलं आता भांडण होणार. गुरुजी त्या बैलाकडं बघत राहिले, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "हे त खरं आहे, बापा." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्याकडं ढीवर कोळ्याच्या टोपलीतले शिंगाडे पाठवले. हरलेल्यानं शिंगाडे द्यायचे, असा नेम तिथून पडला, आणि तो कोणी ठरवला हे कोणालाच माहीत नव्हतं. कधी ते पाठवायचे, कधी तू. शिंगाडे सोलून तुझी बोटं काळी व्हायची आणि तू तशाच बोटांनी वह्या तपासायचीस.

शाळेला ते फार आवडायचं. आज बाई काय म्हणाल्या, गुरुजींनी काय उत्तर दिलं, हे मधल्या सुट्टीत पोरं आळीपाळीनं करून दाखवायची. मला आवडायचं नाही, कारण मला बाकीच्यांच्या आधी काही तरी दिसलं होतं. त्यांच्याशी भांडून आलेल्या दिवशी तू घरी गुणगुणायचीस. आधी तू गुणगुणत नव्हतीस. माझ्या शेजारी बसणाऱ्या पोरीनं एक दिवस मला कोपरानं ढोसून म्हटलं, "तुझी आई अन् गुरुजी भांडतेत का लाडानं बोलतेत?" मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. तिनं काही खोटं विचारलं नव्हतं. विधवा बाई, पदरी पोर, तो परजातीचा, बिनलग्नाचा गडी. मला अक्षर नीट येत नव्हतं तेव्हापासून या गोष्टी नीट येत होत्या.

मग संमेलन आलं. मुली नाटकात काम करणार आणि खेड्यातल्या बायांना उजेडी घरी जाता यावं, म्हणून नाटक भर दुपारी ठेवायचं, असं हेडमास्तरांनी ठरवलं. लिहिणार तू, पडदे रंगवणार गुरुजी. दोघांना एका दावणीला बांधायची हौस हेडमास्तरांनाही होतीच. तुझं नाटक एका गावात शाळा काढायला आलेल्या बाईचं होतं. लोक तिला टिकू देत नाहीत, आणि एका संध्याकाळी ती गाठोडं बांधून तळ्याकाठी येते, जावं की राहावं याचा विचार करत. तिथं तू दोन पानांचं भाषण लिहिलं होतंस, तळ्याचं, सांजेचं, परतणाऱ्या गुरांचं. गुरुजींनी ते वाचलं आणि आपल्याकडं येऊन अंगणात उकिडवे बसून विचारलं, "बाई, तुमच्या पात्रानंच सारी बोडी सांगून टाकली त मी पडदा कायले रंगवू?" तू चिडलीस. बोडी नाही, तळं म्हणावं, इथून तुझी सुरुवात झाली. गावातल्या छोट्या तळ्याला इकडं सगळे बोडीच म्हणतात, पण आम्ही निबंधात तो शब्द लिहिला की तू त्याखाली लाल रेघ मारायचीस. ते गेल्यावर तू कितीतरी वेळ ती दोन पानं पुढ्यात घेऊन बसलीस. सकाळी पाहिलं तर भाषणावर आडवी रेघ होती. त्या प्रवेशात बाई आता एकही शब्द बोलणार नव्हती. तू मला म्हणालीस, "बघू, त्यांच्या पडद्याला बोलता येतं का."

पडदा शाळेच्या मागच्या खोलीत रंगत होता. मांजरपाटाचे जोडलेले पाट, त्यांवर डिंकात कालवलेले रंग, गेरू, पिवडी, नीळ, चुना, काजळी. कापड महाग, म्हणून शाळेत एकच वहिवाट होती: संमेलन झालं की पडदा पाण्यात धुवायचा आणि पुढल्या वर्षी त्याच कापडावर नवं चित्र काढायचं. त्यामुळे इथं कुठलंच चित्र वर्षापेक्षा जास्त जगत नसे, आणि गुरुजींना त्याचं दुःख नव्हतं. "धुतल्याशिवाय नवं कसं दिसंल?" म्हणायचे. त्यांनी तुला त्या खोलीत येऊ दिलं नाही. मला दर्शनी पडद्याच्या दोरीचं काम दिलं होतं, म्हणून मी जाऊ शकत होते, पण तळ्याचा पडदा त्यांनी गुंडाळूनच ठेवला होता.

आता तो दिवस. शाळेच्या पटांगणात माणसांची झुंबड आहे, बाया पुढं जाजमावर, गडी मागं, पोरं झाडांवर. मी विंगेत दोरी धरून बसले आहे. दोरी खेचून धरली की दर्शनी पडदा वर, सोडली की खाली, इतकं सोपं काम. तू दुसऱ्या विंगेत आहेस, पोथी हातात. तुला तिथून ना पडदा दिसतो, ना लोक. तिसऱ्या प्रवेशाला गुरुजी मागचा पडदा सोडतात, बांबू गडगडत खाली येतो, आणि आपली बोडी समोर उभी राहते. आपलीच. काठाच्या बांधावरची, पाळीवरची मोहाची झाडं, शिंगाड्याच्या वेली, सांजेचं पिवळं पाणी. आणि काठावर पाठमोरी एक बाई, फिकं लुगडं, निळा काठ, डावा खांदा खाली, उजवा वर, बगलेत छत्री.

मग पुढच्या बायांमध्ये खळबळ झाली, माना एकमेकींकडं वळल्या, कोणी तरी काही बोललं. माझं अंग तापलं. मी दोरी सोडली. निसटली नाही, सोडली. दर्शनी पडदा दाणकन खाली आला, दोरी माझ्या तळहातातून जळत गेली आणि वर कप्पीत अडकून बसली. पडद्यामागं अडकलेली मुलगी "अगे माय" म्हणून ओरडली आणि पटांगण हसायला लागलं. झाडावरच्या पोरांनी शिट्या मारल्या. गुरुजी खांबावर चढून कप्पीशी झटापट करू लागले. तू माझ्याकडं पाहिलंस. मग पोथी खाली ठेवलीस आणि पडद्याच्या पुढं, लोकांसमोर जाऊन उभी राहिलीस. हात रिकामे. मला वाटलं तू माफी मागशील.

"या पडद्यामागं एक बोडी आहे," तू म्हणालीस. बोडी म्हणालीस. "पाण्यावर सांज उतरली आहे, पण काठावर अजून उजेड आहे. तिथं एक बाई उभी आहे." तुझ्या नाटकात हे कुठंच नव्हतं. तू तो पडदा पाहिलाही नव्हतास. विंगेतून पुढं येताना कडेनं जेवढा दिसला असेल तेवढाच. "ती पाणी पाहायला आलेली नाही. दिवसभर बोलून थकली आहे, म्हणून थोडा वेळ गप्प उभी आहे. तिला वाटतं, इथं आपल्याला कोणी पाहत नाही. पण कोणी तरी तिला पाहिलं आहे. नीट पाहिलं आहे. आता ती या गावातून जाणार नाही. एवढंच आहे चित्रात." शिट्या केव्हा थांबल्या ते कळलं नाही. गुरुजी खांबाला मिठी मारून, तोंड उघडं ठेवून ऐकत होते. नंतर हेडमास्तर ओरडायला आले तेव्हा ते खाली उतरत म्हणाले, "कप्पी माझीच जुनी होती, सर. पोरीचा काही दोष नाही." आणि तुला म्हणाले, "बाई, आता पडदा नाही उघडला तरी चालते."

घरी आल्यावर तू माझा हात हातात घेतलास. तळव्यावर दोरीचा लाल पट्टा होता. कप्पी बिघडली असती तर दोरी माझ्या मुठीतच राहिली असती. असा पट्टा मूठ मुद्दाम सैल करणाऱ्या हाताचा असतो. तू त्याला तूप लावलंस, फडकं बांधलंस आणि काही विचारलं नाहीस. तेव्हा मला वाटलं, सुटले. आज वाटतं, तू दोन चापट्या मारल्या असत्यास तर मी रडून सगळं ओकले असते. तू समजूतदार होतीस, हाच माझा घात झाला.

पुढच्या रविवारी सकाळी गुरुजी धुतलेलं धोतर नेसून, शिंगाड्यांची टोपली घेऊन अंगणात आले. तू विचारलंस, "आज कोण हरलं?"

"मीच," ते म्हणाले. टोपली खाली ठेवली. मला उठताना पाहून म्हणाले, "बस, पोरी. तुझ्यासमोरच बोलतो, लपून बोलनं मले जमत नाही." मग तुझ्याकडं न बघता, तुळशीकडं बघत बोलले. "बाई, मले लिहिता येत नाही, तुमाले ठावं आहे. जे होतं ते पडद्यावर काढलं. तुमी ते न पाहता सांगतलं. आता आणखी काय सांगू? लग्न करता का माझ्याशी? लोक बोलतीन. माझ्या घरचे बोलतीन, तुमच्या घरचे बोलतीन. मी आयकून घेईन. पण या पोरीले विचारा आधी. तिचं नाही असंल त मी पुन्हा विचारणार नाही."

तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतीस. तुला असं करताना मी कधीच पाहिलं नव्हतं. तू म्हणालीस, "विचारते." आणि तुझा आवाज शाळेतल्या बाईचाही नव्हता आणि माझ्या आईचाही नव्हता.

दुपारी तू लाखोरीची भाजी निवडत बसली होतीस. मला समोर बसवलंस आणि सरळ विचारलंस, मोठ्या माणसाला विचारावं तसं. तुला चालेल का? तू नाही म्हणालीस तर नाही. पण का नाही ते सांग. मला गुरुजी आवडायचे, आई. त्यांनी मला बसायला सांगितलं होतं, बाहेर जा म्हणाले नव्हते. पण तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्यासाठी नव्हतं, आणि ते मला सोसलं नाही. मी म्हणाले, "लोक तुला हसले."

"कधी?"

"पडदा दिसला तेव्हा. पुढच्या बाया सगळ्या हसल्या. विधवेला काय हे थेर सुचतात, म्हणाल्या. म्हणून मी दोरी सोडली."

तुझा हात भाजीतच थांबला. तुला आतून हसू ऐकू आलंच होतं. ते पडदा पडल्याचं होतं की आधीचं, हे तुला कसं कळणार? तू पडद्यामागं होतीस. तू म्हणालीस, "बरं." मग काड्या एकीकडं, पानं एकीकडं, उरलेली सगळी भाजी नीट निवडलीस. रात्री जेवताना मला नेहमीपेक्षा जास्त वाढलंस.

गुरुजींनी शब्द पाळला. पुन्हा विचारलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांनी सालेकशाकडच्या एका शाळेत बदली मागून घेतली आणि छोट्या गाडीनं गोंदियाला गेले, तिथून पुढं. तू स्टेशनवर गेली नाहीस. तुझा तास होता. त्या तासाला तू आम्हाला वर्गाबाहेर काढलंस आणि धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीच्या धुऱ्यावर उभं करून म्हणालीस, "आधी बघा. लिहायचं नंतर." पुढं सगळी वर्षं तू असंच शिकवलंस. लोक तुझं कौतुक करायचे, बाई पोरांना शेतात नेऊन मराठी शिकवतात म्हणून. मी त्या कौतुकाच्या वेळी दुसरीकडं बघायची.

पुढल्या संमेलनाच्या आधी शिपायानं तो पडदा धुवायला नेला. मी शाळेतून परतत होते. बोडीवर तो कापड आपटत होता आणि पाण्यात गेरू, पिवडी, नीळ पसरत होती. तू पाळीवर उभी होतीस. पाठमोरी. डावा खांदा खाली, उजवा वर, छत्री बगलेत. शिपाई म्हणाला, "बाई, रंग मोठा पक्का लावला होता जी, निघूनच नाही राहिला." मी हाक मारली नाही. नवीन मास्तरांनी त्यावर राजवाडा काढला.

तुझ्या शेवटच्या वर्षांत आपण ओसरीवर भाजी निवडत बसलो होतो, तेव्हाही लाखोरीच होती. तू मधेच, कोणी काही न विचारता म्हणालीस, "हसू द्यायला हवं होतं लोकांना. हसून हसून किती हसले असते?" इतक्या वर्षांत तू त्याबद्दल बोललेली ही एकच गोष्ट. तू माझ्याकडं बघत होतीस. मला तेव्हा तोंड उघडता आलं असतं. मी म्हटलं, "आई, काड्या बघ, भाजीत जाताहेत."

पत्र लिहिलं की वर पत्ता लिहितात, म्हणून लिहायला घेतला तर तो या घराचाच निघाला. म्हणजे हे टाकलं तरी पोस्टमन माझ्याच हातात आणून देणार. तेव्हा ते इथंच राहू दे, आणि राहिलेलं एवढंच ऐक.

पडदा दिसला तेव्हा कोणी हसलं नव्हतं, आई. पुढच्या जाजमावर एक म्हातारी बसली होती, चिचगडकडची असावी, तिच्या हातांवर गोंदण होतं. ती शेजारणीला म्हणाली, "अवो, हे त आपली बाईच होय. किती साजरी दिसून राहिली!" आणि बाकीच्या सगळ्या माना हलवून म्हणाल्या, हो जी. मी ते ऐकलं आणि मग दोरी सोडली. मलाही तू तशीच दिसली होतीस.